बोर्डीला निघालो होतो

डहाणू गाव मागं पडलं, की नरपडपासून रस्ता समुद्राच्या कडेकडेनं चालतो. डाव्या हाताला सुरूची झाडं आणि त्यांच्या फटींतून दिसणारं पाणी, उजव्या हाताला वाड्या. वाडी म्हटलं की ती चिकूचीच, हे इथं कुणी वेगळं सांगत नाही. मी मिरजेची. आमच्या भागात बाग म्हणजे द्राक्षाची: तारांचे मांडव, मापात सोडलेले पट्टे, फवाऱ्याचा वास आणि मालकाचा रात्रंदिवस आभाळाला लागलेला डोळा. चिकूची वाडी निराळी. झाडं थोराड, फांद्या जवळजवळ जमिनीला टेकलेल्या आणि खाली भर उन्हातही गार, ओलसर सावली. वर्षभर थोडं थोडं फळ देत राहणारं हे झाड आपल्या माणसांनाही संथ करत असावं. घोलवडपर्यंतच्या रस्त्यावर मला घाईत असलेला माणूस दिसला नाही. काठीच्या टोकाला जाळी बांधून एकेक फळ उतरवणारे वारली गडीसुद्धा वर बघून, फळ निवडून, मगच काठी लावत होते.

घाई फक्त आम्हाला होती. मार्च २०१९ मधला शनिवार. माझी मावसबहीण तलासरीच्या बाजूला जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. सकाळची शाळा आटोपून ती डहाणूच्या घरी आली, जेवली, जरा पडली आणि चारच्या सुमारास एकदम उठून म्हणाली, "ताई, चल. बोर्डीला सूर्य बुडताना बघू आणि आठच्या आत परत येऊ." वरण-भाताचा कुकर तिनं आधीच उतरवून ठेवला होता. मी साडी बदलली, तिनं स्कूटर काढली. माझी डहाणूची ओळख तोवर स्टेशन, बाजार आणि औष्णिक वीज केंद्राची ती पावणेतीनशे मीटरची चिमणी, एवढीच होती.

ती चिमणी मागं वळून पाहिलं तर बराच वेळ दिसत राहते. तिच्यामुळेच या तालुक्याचं नशीब वेगळं घडलं, असं बहीण सांगत होती. वीज केंद्राच्या वादातून जागे झालेले बागायतदार, मच्छीमार आणि आदिवासी भांडत राहिले. १९९१ मध्ये केंद्र सरकारनं डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून जाहीर केला. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानं त्याच्या रक्षणासाठी प्राधिकरण नेमलं गेलं आणि न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी दोन दशकांहून अधिक काळ त्याचे अध्यक्ष होते. याच तालुक्यातल्या वाढवणच्या नियोजित बंदराला या प्राधिकरणानं १९९८ मध्येच नकार दिला होता. आम्ही गेलो त्याच्या दोनच महिने आधी, जानेवारीत, धर्माधिकारी गेले. चिखल्याजवळ रस्त्याकडेच्या टपरीवर चहा प्यायलो, तिथल्या म्हाताऱ्या मांगेला गृहस्थांनी त्यांचा विषय आपणहून काढला. "आता आमचं ऐकणारं कोण?" एवढं बोलून ते समुद्राकडे तोंड करून बसले. पुढे ऑगस्ट २०२४ मध्ये त्याच वाढवणच्या बंदराचं भूमिपूजन झालं, तेव्हा मला ते गृहस्थ आठवले.

घोलवडला दुकानासमोर करंड्या मांडून बसलेली बाई चिकू विकत नव्हती, आधी खायला घालत होती. अंगठ्यानं हलकं दाबून, सोलून, अर्धा माझ्या हातात, अर्धा बहिणीच्या. "आज खायचे हे, परवा खायचे हे," म्हणत तिनं दोन वेगळ्या पिशव्या केल्या. कोणतं फळ कोणत्या दिवशी खायचं हे तिच्या बोटांना कळत होतं. इथल्या चिकूला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्याची पाटी दुकानावर होती. पण तिच्या बोटांपुढे मला त्या पाटीचं काही वाटलं नाही. तिची भाषा मोठी गंमतीची. आमच्याशी मराठी, शेजारच्या इराणी बागायतदाराच्या दिवाणजीशी गुजराती, आणि टेम्पोत करंड्या चढवणाऱ्या पोराशी वारली, तीही एकाच दमात. मिरजेला कानडी आणि मराठी अशा शेजारी नांदतात. पण आमच्याकडे माणूस एका भाषेतून दुसरीत जाताना क्षणभर थांबतो. इथं तेवढंही थांबणं नव्हतं.

बोर्डी शांत आहे. उतरत्या कौलांची मोठी घरं, रुंद ओटे, ओट्यावर आरामखुर्च्या. हे शाळांचं गाव. १९२० पासून चालत आलेल्या इथल्या हायस्कूलची इमारत बहिणीनं मला लांबून दाखवली, पण तिला थांबायचं होतं ते ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांच्यासाठी. १९४५ च्या डिसेंबरात या दोघींनी इथं ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं. मुलं शाळेत येईनात, तेव्हा शाळाच मुलांच्या अंगणात नेली. अंगणवाडी हा शब्द आज देशभर चालतो, त्याचं पहिलं अंगण या भागातलं आहे. पुढे कोसबाडच्या टेकडीवर गेल्यावर गुरं राखणाऱ्या मुलांसाठी त्यांनी कुरणशाळा चालवली: गुरं चरताहेत तिथंच बाई गेल्या, तिथंच पाटी. बहीण हे सांगताना स्कूटर चालवायची विसरली होती. एरवी ती शाळेबद्दल फार बोलत नाही.

या सगळ्यात ऊन कलंडलं. किनाऱ्यावर पोचलो तेव्हा ओहोटी होती. या बाजूचा किनारा इतका सपाट, की ओहोटीला समुद्र अक्षरशः निघून जातो. पुढे लांबच लांब ओली काळपट वाळू, तिच्यावर पाण्याचे पातळ थर आणि अगदी टोकाला एक पांढरी रेघ, ती लाट. वलसाड, वापी, मुंबईकडून आलेली मंडळी घोडागाडीतून फिरत होती, भुट्टे खात होती, मोबाइल उंच धरून उभी होती. सूर्य चांगला हातभर वर असतानाच तांबूस झाला, मग फिकट, मग क्षितिजावरच्या धुरकट पट्ट्यात शिरला आणि दिसेनासा झाला. पाण्याला टेकलाच नाही. लोक आणखी थोडा वेळ मोबाइल धरून थांबले आणि एकेक करून वळले. आम्हीही वळलो.

बहिणीला हे फार लागलं. मला काही दाखवायचं म्हणून तिनं मला बाहेर काढलं होतं, आणि दाखवायचं तेच निसटलं होतं. ती एकदम म्हणाली, "ताई, तुला तारपा ऐकवते. माझ्या वर्गातल्या पोराचे आजोबा वाजवतात. तलासरीवरून आतून जाऊ, हायवेनं चारोटीला उतरू आणि डहाणू." रस्ता केवढा लांबतो हे मी विचारलं नाही. कुकर घरी थंड होत होता.

बोर्डीहून आत वळलं की अर्ध्या तासात प्रदेश पालटतो. वाड्या संपतात, समुद्राचा दमट वास जातो, आणि कापलेल्या भाताची वाळलेली खाचरं, बांधावर ताड, माळावर पळस. पळस ऐन भरात होता. हवेत एक जड, गोडसर वास येत-जात होता; मोह फुलला होता. राज्याची सीमा इथं पायाखालून जाते. १९६० च्या आधी हा सारा मुलूख ठाणे जिल्ह्याचा उंबरगाव तालुका होता. राज्यं झाली तेव्हा उंबरगावासह पश्चिमेचा बराच भाग गुजरातेत गेला आणि आतला आदिवासी पट्टा तलासरी म्हणून महाराष्ट्रात राहिला. वाटेतल्या एका किराणा दुकानाची पाटी गुजरातीत होती आणि आत भिंतीवर पंचायतीची सूचना मराठीत.

झरीत बहिणीनं वेग कमी केला. बघण्यासारखं तिथं काही नाही. घरं, विहीर, चौकातला लाल झेंडा. पण २३ मे १९४५ ला या गावात हजारो वारली जमले होते आणि वेठ करणार नाही असं त्यांनी ठरवलं. शामराव आणि गोदावरी परुळेकर तेव्हा किसान सभेचं काम घेऊन या भागात आले होते. गोदावरीबाईंनी पुढे लिहिलेलं 'जेव्हा माणूस जागा होतो' मी कॉलेजात असताना वाचलं होतं, त्यातला एक शब्द मनात रुतून राहिला होता: लग्नगडी. लग्नासाठी सावकाराकडून पैसे घ्यायचे आणि त्या बदल्यात नवरा-बायको दोघांनी आयुष्यभर त्याच्याकडे राबायचं. त्याच वर्षी ऑक्टोबरात तलवाड्याला जमावावर गोळीबार झाला, त्यात जेठ्या गांगड आणि त्याचे साथीदार मारले गेले. वेठ मात्र उठली ती उठलीच. मी पुस्तकात वाचलेलं गाव अंधार पडताना स्कूटरवरून पाहत होते, आणि एका दारात बाई निवांत तांदूळ पाखडत होती.

आणि १९४५ हेच साल. मे महिन्यात झरीची सभा, डिसेंबरात काही कोसांवरच्या बोर्डीत बालवाडी. एकीकडे माणसं सांगत होती की आम्ही कुणाच्या अंगणात राबणार नाही. दुसरीकडे दोन बायका शाळा घेऊन त्यांच्याच अंगणात यायच्या तयारीत होत्या. हे दोन्ही प्रवाह एकमेकांना कितपत ओळखत होते कोण जाणे. बहिणीच्या नोकरीत मात्र ते एकत्र आलेले मला दिसतात.

तलासरीच्या बाजारात होळीची गर्दी होती. आमच्याकडे होळीचा बाजार म्हणजे साखरेच्या गाठी आणि पिचकाऱ्या. इथं खजुराचे ढीग, लाह्या, चणे, नवे कपडे, बायकांच्या काचेच्या बांगड्या. वीटभट्ट्यांवर, वापी-उंबरगावच्या कारखान्यांत, वसईच्या बांधकामांवर गेलेली माणसं होळीला घरी येतात. दिवाळीला नाही आलं तरी चालतं, होळीला यायचंच. पाठीवर बोचकं, हातात मूल, डोक्यावर नवं पातेलं अशी कुटुंबं जीपची वाट पाहत रांगेत बसली होती आणि त्या रांगेत कमालीची शांतता होती. कुणी पुढे घुसत नव्हतं. जीप आली की मागचे लोक पुढच्यांची बोचकी वर चढवून देत होते आणि परत आपल्या जागी बसत होते.

दापचरी ओलांडली. मुंबईतल्या गोठ्यांतली जनावरं शहराबाहेर हलवावीत म्हणून सरकारनं इथं केवढा तरी दुग्धप्रकल्प उभा केला होता. हायवेवरून आता त्याची फक्त झाडी दिसते. पुढे आम्ही आतल्या रस्त्याला लागलो आणि पाडा दिसायला लागला तोच मागचं चाक बसलं. स्कूटर ढकलत शेवटचा टप्पा गाठला. आमच्या आधी बातमी पोचली होती. "बाई आली, बाई आली," करत पोरं धावली, दोघांनी स्कूटर ताब्यात घेतली, एकानं टॉर्च धरला, आणि पंक्चरवाला होळीसाठी गावी गेलाय हे तिसऱ्यानं मोठ्या उत्साहानं सांगितलं.

मला पहिल्यांदा काही कळेना. सगळा पाडा घराबाहेर होता. खाटा बाहेर, चूल बाहेर, पाण्याचे हंडे बाहेर, एका दोरीवर दप्तरं टांगलेली. खळ्याच्या मोकळ्या जागेत ताडपत्र्यांचे आणि निळ्या-पांढऱ्या कापडाचे तंबू. घरं मागं काळोखात रिकामी उभी.

नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू-तलासरीच्या या पट्ट्यात जमीन हलत होती. धुंदलवाडी, दापचरी, हळदपाडा ही नावं तेव्हा वर्तमानपत्रांत रोज येत. छोटे-छोटे धक्के, एका दिवसात कितीतरी, आणि प्रत्येकाबरोबर जमिनीतून आवाज. १ फेब्रुवारीला ४.१ रिश्टरचा धक्का बसला; घाबरून बाहेर पळताना पडून हळदपाड्यात दोन वर्षांची मुलगी गेली. मिरजेत बसून मी हे सगळं वाचलं होतं आणि विसरलेही होते. कोयनेच्या धक्क्यांची सवय असलेल्या आम्हा लोकांना भूकंप म्हणजे भांडी वाजतात, फोन होतात, झोप लागते. चार महिने अंगणात संसार मांडणं म्हणजे काय, हे बातमीत आलंच नव्हतं.

"बस ना," तारपावाल्या आजोबांची बायको म्हणाली. आम्ही का आलो, परत कशा जाणार, हे तिनं विचारलं नाही. खाट पुढे ओढली, त्यावरची मोहाची फुलं दोन्ही हातांनी बाजूला सारली आणि मला जागा करून दिली. कोरा चहा आला, गवती चहा घातलेला, बिनदुधाचा. एवढ्या मोठ्या दुग्धप्रकल्पाच्या शेजारी पिढ्यान्‌पिढ्या चहा कोराच राहिला, हे मनात आल्यावाचून राहिलं नाही.

आमच्याकडे संध्याकाळी कुणी अचानक आलं तर घर दोन मिनिटं गडबडतं. चादर ओढली जाते, पसारा आत जातो, "आधी कळवलं असतं तर" असं कुणीतरी म्हणतंच, प्रेमानंच म्हणतं. इथं आमच्या येण्यानं कुणाच्या हातातलं काम थांबलं नाही. सून भाकऱ्या थापत होती, ती थापतच राहिली. फक्त पीठ वाढवलं. मुलगा दोर वळत होता, त्यानं दोराचं एक टोक माझ्या बहिणीच्या हातात दिलं आणि ती ते धरून बसली. पाहुणा म्हणून वेगळं बसवण्यापेक्षा कामात ओढून घेणं, हा पाहुणचार मला त्या रात्री फार खोल वाटला. माझ्या पुढ्यात शेंगांचं सूप आलं. मी सोलू लागले.

आजोबांना बहिणीनं तारप्याचं विचारलं. ते हसले. मागच्या घरात जाऊन आढ्याला टांगलेला तारपा घेऊन आले आणि माझ्या मांडीवर ठेवला. वाळवलेला दुधी भोपळा, त्यात बसवलेल्या बांबूच्या दोन नळ्या, पुढे ताडाच्या पानांचा गुंडाळून केलेला लांब कर्णा, आणि जोड सगळे मेणानं बुजवलेले. माझं लहानपण मिरजेच्या सतारमेकर गल्लीच्या तोंडाशी गेलं. भीमेकाठच्या पंढरपूर-मंगळवेढ्याकडून येणारे प्रचंड भोपळे भिंतीला टांगलेले असायचे आणि त्यांतले काही वर्षानुवर्षं मुरत पडायचे. त्यामुळे भोपळा हाताला लागला की बोटं आपोआप त्यावर टिचकी मारतात. मी मारली. आजोबांनी चमकून पाहिलं. "तुझ्याकडं पण हाय?"

मी तंबोऱ्याचं सांगितलं. आमच्याकडे भोपळा कापतात, रंगवतात, त्यावर नक्षी बसवतात, करणारा कारागीर वेगळा आणि वाजवणारा वेगळा. कारागिराला गाणं यायलाच हवं असं नाही. तो कानानं जवारी लावतो आणि वाद्य पुण्या-मुंबईला पाठवून देतो. आजोबांनी हे फार लक्ष देऊन ऐकलं. त्यांचा तारपा त्यांनीच केलेला होता. भोपळा दारच्या वेलाचा, ताड बांधावरचा, मेण रानातलं. मग मी म्हटलं, थोडा वाजवता का?

"आता नाय," ते म्हणाले. भात पिकलं, कापलं, दाणा घरात आला, वाजवून झालं. आता पुढच्या भाताला. मागं बसलेला नातू मध्येच बोलला, की मुंबईत कार्यक्रमाला बोलावतात तेव्हा आजा कधीही वाजवतो. आजोबांना त्यात काही विसंगत वाटलं नाही. "तिकडं माणसांसाठी वाजवायचा. इथं कणसरीसाठी." कणसरी म्हणजे धान्याची देवी. तिच्या अंगणात, तिच्या वेळेला.

तारप्याला पाठ दाखवायची नाही, असा वारल्यांच्या नाचाचा दंडक आहे. वाजवणारा मध्ये, त्याच्याभोवती हातात हात गुंफलेली साखळी, तो जिकडे वळेल तिकडे सगळे. चित्रांत आपण तो वळसा शेकडो वेळा पाहतो, पिशव्यांवर, कपांवर, विमानतळांच्या भिंतींवर. तो वळसा वर्षातल्या ठरावीक दिवसांचा आहे, एरवी आढ्याला टांगून ठेवायचा आहे, हे मला त्या नकारानं कळलं. बोर्डीचा सूर्य हुकला तेव्हा मी हिरमुसले होते. तारपा हुकला त्याचं वाईट वाटलं नाही; उलट ज्या गोष्टीला स्वतःची वेळ आहे तिच्याजवळ बसायला मिळालं, याचा आनंद झाला.

या घरात होळीनंतर लग्न होतं, थोरल्या नातवाचं. आजीनं मला लग्नाचं घर दाखवायला नेलं. पुढे विटांचं घरकुल, योजनेतलं, तीन-चार वर्षांचं. त्याच्या दर्शनी भिंतीत छतापासून उंबऱ्यापर्यंत तिरकी भेग गेली होती. टॉर्च लावला की पलीकडचा उजेड दिसे. भेगेत तिनं तीनदा माती भरली होती आणि तिन्ही वेळा ती गळून पडली होती. त्याच्या मागं जुनं घर, कारवीच्या कुडाचं, शेणामातीनं लिंपलेलं. त्याचं लिंपण जागोजाग सुटलं होतं, आतल्या काड्या दिसत होत्या, पण कूड सरळ उभा. "हा हालतं आन् राहतं," आजी म्हणाली. विटांच्या भिंतीकडे तिनं नुसता हात केला.

लग्नाचा चौक जुन्याच घरात लिहायचा होता. तांदळाच्या पिठानं, गेरूच्या भिंतीवर, सवाशिणींच्या हातानं; मध्ये पालघाट देवी. धवलेरी बाई गाणी म्हणेल आणि देवी तिथं येईल. चौक लग्नाच्या आधी लिहितात, लग्न झालं की त्याचं काम झालं; पुढे धुरानं काळा पडतो, लिंपणाखाली जातो, पुढच्या लग्नाला पुन्हा नवा. आजीच्या सगळ्या पोरांची लग्नं त्याच भिंतीवर एकावर एक आहेत. मला तिथं फक्त ताजं सारवलेलं, कोरं, तांबडं काही दिसलं आणि ते मी बराच वेळ बघत उभी राहिले.

अंगणात परतलो तेव्हा आजोबांच्या बोलण्यात लग्नाच्या खर्चाचा विषय निघाला होता. नातू उंबरगावच्या कारखान्यात कामाला आहे, त्याच्या पगारातून लग्न होतंय, कुणाचं देणं नाही, असं ते सांगत होते. मग सहज म्हणाले, "माझा बाप लग्नगडी होता." झरीच्या सभेला तो चालत गेला होता, आजोबा तेव्हा पाळण्यातले. पुस्तकातला शब्द असा समोरच्या खाटेवरून, विडीच्या धुराबरोबर येईल असं मला वाटलं नव्हतं. गोदावरीबाईंना ते गोदाराणी म्हणाले. नातू ऐकत होता, पण त्याला हे पाठ असावं. तो मोबाइलवर पंक्चरच्या खटपटीत होता.

जेवायला बसलो. तांदळाच्या भाकऱ्या, उडदाची आमटी, सुक्या बोंबलाची चटणी. ज्वारीच्या भाकरीवर वाढलेल्या माझ्या दातांना ती भाकरी फार मऊ वाटली. पण आमटीत बुडवली की ती इतकी आमटी पिते, की तिला दुसरं काही लागत नाही. दुसरा घास घेतला आणि जमिनीखालून आवाज आला. कुणी ट्रकभर दगड खाली ओतावेत तसा. मग खाटेचे पाय थरथरले, हंड्यातलं पाणी डचमळलं, मागच्या घरकुलातून काहीतरी भुरभुरत पडल्याचा आवाज झाला. मी उभी राहिले होते, ताट हातात. कुत्री भुंकत होती. बाकी सगळे बसलेलेच होते. आजीनं डावा हात जमिनीवर सपाट टेकवला, तो तसाच थोडा वेळ ठेवला, मग उचलला. "धरतरी हालली," ती म्हणाली, आणि माझ्या पदराला धरून मला खाली बसवलं.

लगेच पोरांची बोली सुरू झाली. "तीनचा!" "नाय रे, अडीच!" रिश्टरचे आकडे इथं आता गोट्यांसारखे मोजले जात होते. पाड्यापाड्यांतून फोन: तुमच्याकडे आला का, आवाज कुठून आला. तान्ही मुलं असलेल्या दोघी तंबूत जाऊन बसल्या. बोलणं दोन-तीन मिनिटांत पुन्हा बोंबलावर आलं. ही बेफिकिरी होती असं मला म्हणवत नाही. एक बाई मात्र जेवली नाही, ती मुलाला मांडीवर घट्ट धरून घराकडे पाठ करून बसली होती आणि आम्ही निघेपर्यंत तशीच बसली होती.

बहिणीची शाळाही डिसेंबरपासून आंब्याखाली भरत होती. वर्गाच्या भिंतीला तडे. पाऊस सुरू झाल्यावर काय, याचं उत्तर तेव्हा कुणाकडे नव्हतं. मी तिला बोर्डीच्या अंगणवाडीची आठवण दिली, तर ती म्हणाली, "अनुताईंनी शाळा मुद्दाम अंगणात नेली गं. आम्हाला नाइलाजानं जावं लागलं. फरक आहे." थोड्या वेळानं म्हणाली, "पण मुलं बाहेर जास्त बोलतात, हे खरं."

शेवटी पाड्यातला एक जण चारोटीला भाजी टाकायला पिकअप घेऊन निघाला होता, त्यात स्कूटर चढली, आणि तिच्याशेजारी आम्ही. पैसे घेतले नाहीत. बहिणीनं त्याच्या मुलीच्या शाळेच्या दाखल्याचं काम सोमवारी करून देते म्हटलं, तेवढ्यावर तो खूश. हायवेवर गुजरातकडे जाणारे ट्रक एकामागोमाग. विवळवेढ्याला महालक्ष्मीच्या देवळाचे दिवे दिसले आणि मागं तिचा उभा सुळका. चैत्री पौर्णिमेला त्या सुळक्यावर रात्री झेंडा चढतो आणि खाली पंधरवडाभर जत्रा भरते. चारोटीला पंक्चर निघालं. पंक्चरवाला ट्यूब पाण्यात बुडवताना म्हणाला, मघाशी इथंही पत्रे वाजले.

गंजाडवरून डहाणूकडे जाताना बहिणीनं जिव्या सोमा मशे यांचं नाव काढलं. ते इथले, आदल्याच वर्षी मे महिन्यात गेले. बायकांच्या हातातलं, लग्नापुरतं असलेलं चित्र सत्तरच्या दशकात त्यांनी कागदावर आणलं आणि रोज काढायला लागले. तेव्हा मुंबईहून आलेले चित्रकार भास्कर कुलकर्णी त्यांच्या सोबतीला होते. २०११ ला मशेंना पद्मश्री मिळाली. त्यांच्यामुळे त्या वळशाला जग मिळालं, आणि आजीची कोरी भिंत तिच्या वेळेची वाट बघत तशीच राहिली. दोन्ही बरोबर चाललंय, असंच मला वाटतं. एकानं दुसऱ्याचं काही हिरावलेलं मला तरी त्या घरात दिसलं नाही.

घरी पोचलो तेव्हा डहाणू झोपलं होतं. कुकर उघडलाच नाही. बहीण म्हणाली, आजीनं होळीला यायला सांगितलंय आणि लग्नाला तर यायचंच, चौक लिहायला सवाशीण म्हणून तुझंही नाव धरलंय. पिठात हात घालायचा तर नखं काप, एवढी सूचना तिनं दिली. मी मिरजेला फोन करून परतीचं तिकीट रद्द करायला सांगितलं आणि सकाळी उठून बाजारात गेले. लग्नघरी न्यायला नवं पातळ घ्यायचं होतं, आणि आजीला कोणता रंग चालतो ते बहिणीच्या वर्गातल्या त्या पोरालाच विचारायचं ठरलं.